तीन पॅलेट पेलेट आणि १,०७३ युरो ७९ सेंट

परवा इथल्याच, म्हणजे जर्मनीतल्या, एका मित्राने पेलेटच्या (स्टोव्हमध्ये जाळायच्या, भुशापासून दाबून केलेल्या लाकडी गोळ्यांच्या) 'जबरदस्त ऑफर'ची लिंक पाठवली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेच फोटो, तीच मांडणी, फक्त दुकानाचं नाव नवं. म्हणून लिहितोय, नाहीतर अशाच एका खोट्या दुकानाने मला फसवलं हे बाहेर बोलायचं नाही असं घरात ठरलं होतं. मंडळाच्या दिवाळीत माइकवरून सगळ्यांना "ओटीपी कोणाला देऊ नका" सांगणारा मीच.

गोष्ट २०२२ ची. दक्षिण जर्मनीतलं आमचं जुनं घर गॅसवर तापायचं. उन्हाळ्यात बैठकीत पेलेटचा स्टोव्ह बसवला, शोर्नस्टाइनफेगरची, म्हणजे धुराड्यांची तपासणी करणाऱ्याची, मंजुरीही मिळाली. सप्टेंबरच्या सुरुवातीला रशियाहून येणाऱ्या नॉर्ड स्ट्रीम पाइपलाइनचा गॅस बंद पडला आणि अख्खा देश पेलेटमागे धावला. वर्षभरापूर्वी सव्वादोनशे युरोंच्या आसपास मिळणारा टन साडेसातशेच्या वर गेला. व्यापारी नवं गिऱ्हाईक घ्यायलाच तयार नव्हते. अशात एका ऑनलाइन दुकानात ३६९ युरोला पॅलेट दिसला, म्हणजे लाकडी फळीवर रचलेल्या १५ किलोच्या ६६ पिशव्या. हावरट म्हणायचं तर म्हणा. घरात दोन वर्षांची मुलगी होती, आणि या स्टोव्हमध्ये लाकडाचा ओंडका चालत नाही. पेलेट नाहीत तर तो नुसता शोभेचा डबा.

शिवाय मी डोळे झाकून पैसे भरले नाहीत. इम्प्रेसुम, म्हणजे साइटवरची मालकाची माहिती, वाचलं. पत्ता खरा, कंपनी-रजिस्टरचा नंबर खरा, त्या नावाची कंपनीही निघाली. पिशवीवर एनप्लस ए१ चा, म्हणजे पेलेटच्या दर्जाचा, शिक्का होता. आता ऐका: त्या शिक्क्याखाली देशाची अक्षरं आणि आकडे असतात, तो नंबर एनप्लसच्या यादीत शोधायचा. फोटोत नेमकी तेवढीच जागा धूसर होती. आणि त्याच वर्षीच्या १ ऑगस्टपासून हँडेल्सरजिस्टरचे, म्हणजे त्या कंपनी-रजिस्टरचे, उतारे फुकट मिळतात. उतारा उघडला असता तर कळलं असतं की ती कंपनी बाथरूमच्या फरश्या बसवते. चोरांनी तिचं नाव उचललं होतं.

पण खरा क्षण पुढचा. पैसे भरायच्या पानावर कार्ड, वॉलेट, माल आल्यावर बिल, सगळी चिन्हं रांगेत होती. दाबायला गेलो तर सगळी करडी, 'तांत्रिक अडचण'. चालू फक्त आगाऊ बँक ट्रान्सफर, त्यावर ३ टक्के सूट. तीन पॅलेटचे १,१०७, सूट ३३.२१. आयबीएएनची, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकाची, पहिली दोन अक्षरं 'ईएस'. दुकान बव्हेरियातलं, लाकूड ब्लॅक फॉरेस्टचं, खातं स्पेनचं! बायकोने मागून विचारलंसुद्धा, "स्पेन का रे?" मी म्हणालो, "अगं, सेपा आहे, युरोपात सगळं एकच." (सेपा म्हणजे युरोपभरची युरो-ट्रान्सफरची सामायिक व्यवस्था.) हे वाक्य मला आजही ऐकवलं जातं.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. आधी 'मागणी जास्त असल्याने विलंब', मग शांतता, मग साइटच गायब. फरशीवाल्या कंपनीत फोन केला तर तिथल्या बाई थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही पहिले नाही."

बँकेचं ऐका. "टॅन (इथला ओटीपी) तुम्ही दिलात, व्यवहार अधिकृत आहे." पैसे परत मागवायचा अर्ज केला, उत्तर नकारार्थी आलं, आणि त्या अर्जाचे १२ युरो माझ्याच खात्यातून कापले! तेव्हा आयबीएएन आणि नाव जुळतं का हे बँक बघतच नव्हती. मी 'गणपती बाप्पा' लिहिलं असतं तरी पैसे गेले असते. ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरोझोनमध्ये ही तपासणी सक्तीची झाली आहे. नाव जुळत नाही असं दिसलं तर तिथेच थांबा. जुळलं म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, खातं त्याच खोट्या नावाने उघडलेलं असू शकतं.

पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार केली. स्क्रीनशॉट, मेल, आयबीएएन, सगळं आयतं दिलं. फोनवरचे साहेब म्हणाले, "पैशांची आशा ठेवू नका." खातं कोणाचं ते बँकेला माहीत, आयबीएएन पोलिसांकडे, आणि तरी काही महिन्यांनी सरकारी वकिलांचं एक पानी पत्र: आरोपीचा शोध लागला नाही, तपास बंद. मी एका सेकंदात पैसे पाठवू शकतो, आणि ते कोणाकडे गेले हे एका देशाला दुसऱ्या देशाला विचारता येत नाही? कर मात्र महिन्याच्या महिन्याला बिनचूक कापतात.

तो हिवाळा बाऊमार्क्टच्या, म्हणजे घरदुरुस्तीचं सामान विकणाऱ्या मोठ्या दुकानाच्या, पिशव्यांवर काढला, ११.४९ ला एक, आणि एका वेळी मोजक्याच. कडाक्याच्या थंडीत एक पिशवी जेमतेम दिवसभर पुरायची.

दुकान नवं असेल तर साइटचा पत्ता आधी फरब्राउखरत्सेंट्राले या ग्राहक-संरक्षण संस्थेच्या फेकशॉप-फाइंडरमध्ये (खोटी दुकानं ओळखायच्या पानावर) टाका. आगाऊ पैसे मागणाऱ्याकडून पेलेट घेऊ नका, कितीही सूट असो. फोन करा आणि माणूस उचलतो का बघा, पण नंबर त्यांच्या पानावरचा नको, स्वतः शोधलेला.

मित्राने पाठवलेली ती लिंक मी जुन्या केस नंबरसह पोलिसांना पाठवली. उत्तर आलं: ते प्रकरण बंद आहे, आणि नव्या तक्रारीसाठी नुकसान झालेल्या व्यक्तीने स्वतः अर्ज करावा.