‘मी’ की ‘ती’? नायिकेची गोष्ट कोणी सांगायची

समजा, तुमची नायिका घणसोली गावठाणातली, 45 वर्षांची कमल. सासर कळव्याचं. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने जमिनी घेतलेल्या 95 गावांतलं तिचं माहेर. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी भाऊ तिच्याकडे हक्कसोडपत्रावर सही मागताहेत. तिला हिस्सा हवा आहे आणि माहेरही तुटायला नको आहे. काहीही निवडलं तरी काहीतरी जाणारच. मुख्य पात्राला एवढं भांडवल पुरतं. आता ही गोष्ट कमलनेच ‘मी’ म्हणून सांगायची, की तिच्या मनात राहून ‘ती’ म्हणत आपण सांगायची?

‘मी’चं बळ बोलीत आहे. कमल आगरीत बोलली की तिचा राग, तिचा हेका ओळी-ओळीतून कळतो, वेगळं वर्णन लागत नाही. पण दोनशे पानं पूर्ण बोलीत लिहिली तर नागपूरचा वाचक दमतो. म्हणून लिहिण्याआधी पानभर यादी करा: ‘मला’ऐवजी ‘मना’, तिच्या शिव्या, खाडी-शेतीचे शब्द. तेवढेच पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सांभाळा. मध्येच प्रमाण मराठी शिरली की कमल जाते आणि लेखक दिसू लागतो.

‘ती’मध्ये निवेदन प्रमाण, संवाद आगरी, हे सोपं पडतं. धोका असा की निवेदक गावठाण बघायला आलेल्या पाहुण्यासारखा वाटतो. त्यावर इलाज म्हणजे निवेदनातल्या उपमाही कमलच्या जगातल्याच घ्यायच्या: मिठागर, भरती, जाळ्यात आलेला जिताडा.

मराठीचं व्याकरणही इथे मध्ये येतं. ‘मी दार उघडलं’ यात बाई की पुरुष कळत नाही. ‘मी आले’ म्हटलं की कळतं. सुरुवातीच्या दोन-तीन वाक्यांत असं एक क्रियापद आलंच पाहिजे, नाहीतर वाचक मनात भलतंच चित्र धरून बसतो. ‘ती’ची अडचण उलटी. कमल, आई आणि वहिनी एका खोलीत असल्या की ‘तिने तिला तिची पिशवी दिली’ असा गोंधळ होतो. ‘ती’ फक्त कमलसाठी राखून ठेवा, बाकीच्या दोघी नात्यानेच याव्यात. (नायक सत्तरीचा असेल तर ‘तो’ की ‘ते’ हेही आधीच ठरवावं लागतं. ‘ते’ म्हटलं की त्याच्या मनात शिरणं अवघड होतं.)

‘मी’ घेतलंत तर ती हे कधी सांगते आहे तेही पक्कं करा. त्याच आठवड्यात सांगत असेल तर तिला शेवट ठाऊक नसतो. दहा वर्षांनी सांगत असेल तर असतो, आणि तो आवाजात उतरतोच.

आमच्या मते खरा निकाल मात्र गुपितावर लागतो. कमल स्वतःलाच फसवत असेल, म्हणजे ‘मला पैसा नको, मान हवा’ असं म्हणत भूखंडाचा भाव विचारत फिरत असेल, तर ‘मी’ घ्या. तिला न दिसणारं वाचकाला दिसतं, आणि त्यातच ती जिवंत होते. पण तिने आधीच कुठेतरी सही केली आहे आणि ते शेवटी उघड व्हायचं आहे, असं असेल तर ‘मी’ टाळा. मनातलं सगळं सांगणारी बाई नेमकं तेवढंच गाळते, ही वाचकाला लबाडी वाटते. ‘ती’मध्ये अशा जागी तिचे हात, तिचं उठणं-बसणं एवढंच दाखवून पुढे सरकता येतं.

तरीही ठरत नसेल तर एकच प्रसंग दोन्ही तऱ्हांनी लिहा, प्रत्येकी 300 शब्दांत: दुय्यम निबंधक कार्यालयाचा बाक, शेजारी भाऊ, अंगठ्याचा ठसा द्यायची पाळी जवळ आलेली. मग ‘मला वाटलं’, ‘मला दिसलं’, ‘तिच्या लक्षात आलं’ हे सगळं खोडा आणि मोठ्याने वाचा. ‘मी’च्या खर्ड्यात कमल स्वतःचीच बाजू समजावत बसली असेल, तर ‘ती’चा खर्डा पुढे न्या.