कॉलम नावाने वाचायचा की क्रमांकाने?

डेटाबेसमधून आलेल्या ओळीतला कॉलम नावाने वाचता येतो, तसा क्रमांकानेही. क्रमांक वेगवान आहे यात वाद नाही. नाव दिलं की ते कितव्या जागेवर आहे हे आधी शोधावं लागतं. एडीओ डॉट नेटमध्ये (डॉट नेट प्रोग्राममधून डेटाबेसशी बोलायची लायब्ररी) हा शोध पहिल्यांदा कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा भेद पाळून होतो, आणि जुळलं नाही तर भेद सोडून पुन्हा. 1 लाख ओळी गुणिले 20 कॉलम म्हणजे असे 20 लाख शोध.

पण कोड बिघडतो कसा, तेही बघा. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला पाठवलेल्या मागणीत, कोणी मध्येच एक कॉलम घातला की पुढचे सगळे क्रमांक सरकतात. डेटा टाइप वेगळा असेल तर निदान बहुतेकदा एरर येते. दोन्ही कॉलम आकड्यांचेच असतील तर रकमेच्या जागी सवलत वाचली जाते आणि प्रोग्राम निमूट चालत राहतो. नावाने वाचणाऱ्या कोडला अशा सरकण्याने काही होत नाही. नावच बदललं तर पहिल्याच ओळीला एक्सेप्शन येतं. म्हणून ‘सिलेक्ट स्टार’ (कॉलमची नावं न देता सगळेच मागवणं) आणि क्रमांक ही जोडी मी रिव्ह्यूत कधीच पास करत नाही. शिवाय क्रमांक एडीओ डॉट नेटमध्ये 0 पासून, जेडीबीसीमध्ये (जावातली तशीच सोय) 1 पासून!

नावालाही एक खोड आहे. जॉइनमुळे, म्हणजे दोन टेबलं जोडल्यामुळे, ‘आयडी’ नावाचे दोन कॉलम आले, तर जेडीबीसी गुपचूप पहिला देतं. तिथे क्वेरीतच एलिअस, म्हणजे वेगळं टोपणनाव, द्या.

मोठ्या लूपसाठी दोन्हींचा फायदा घेता येतो: लूपच्या आधी गेटऑर्डिनलने (जेडीबीसीत फाइंडकॉलमने) नावावरून क्रमांक एकदाच काढा आणि आत तो वापरा. कॉलममागे एक ओळ वाढते, इतकंच.

वेग मोजताना मात्र जपून. एडीओ डॉट नेटच्या रीडरला (ओळी एकेक करून वाचणाऱ्या ऑब्जेक्टला) चौकटी कंसात नाव दिलं की ऑब्जेक्ट मिळतो, म्हणजे आकड्याचं बॉक्सिंग होतं: साधा आकडा मेमरीत वेगळ्या ऑब्जेक्टमध्ये गुंडाळला जातो. क्रमांक घेणाऱ्या गेटइंट32 मध्ये ते होत नाही. या दोघांची तुलना केली तर बॉक्सिंगचा खर्चही नावाच्याच माथी बसतो.

स्क्रीनवर दाखवायच्या पाच-पन्नास ओळींसाठी सरळ नाव वापरा. एक्स्पोर्ट किंवा रात्रीच्या बॅचला गेटऑर्डिनल. थेट क्रमांक फक्त ‘काउंट’सारख्या एका कॉलमच्या क्वेरीला, नाहीतर टूलने जनरेट केलेल्या कोडमध्ये. आणि लूपच्या प्रत्येक फेरीत नवी क्वेरी जात असेल, तर आधी ती थांबवा. नेटवर्कच्या एका फेरीत असे हजारो शोध सहज उरकतात.