नवी चेन सॉ म्हणून जुनी गळ्यात मारली : सोलापुरात मशीन घेणाऱ्यांनी वाचा

आधी आकडा सांगतो. २१,१३० रुपये. चेन सॉ, म्हणजे पेट्रोलवरचं लाकूड कापायचं मशीन, १९,५००, जादा चेन १,१५०, पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑइल ४८०. त्यातले ११,१३० फोनवरून आणि १०,००० रोख. घरी मी चौदा हजार सांगितलंय, तेव्हा ओळखीच्यांनी वाचून गप्प बसावं.

मी अडाणी नाही. साखर कारखान्याच्या स्टोअरला एकतीस वर्षं काढली. बेअरिंगच्या खोक्यावरचा नंबर आणि चलनावरचा नंबर जुळला नाही तर मी ट्रक गेटवर उभा ठेवायचो. त्या माणसाला भर दुपारी, भर बाजारात टोपी घातली. म्हणून तर जास्त झोंबतंय.

मोहोळ तालुक्यात साडेतीन एकर आहे. बांधाला वेडी बाभूळ माजलेली, त्यात वळवाच्या वाऱ्यात कडुनिंब विहिरीवर आडवा झाला. तोडणारे ७,००० मागत होते आणि पुन्हा "मालक, चार दिवसांनी बघू". म्हटलं, मशीनच घेऊ. हा हिशेब आजही मला चूक वाटत नाही.

२७ मे २०२४, सोमवार. मेहुण्याला घेऊन सोलापुरात गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, वकिलाने नको म्हटलंय. दुकानात सगळ्या नावाजलेल्या कंपन्यांचे बोर्ड होते. बोर्ड कोणीही लावतो. अधिकृत डीलर आहे का, ते कंपनीच्या वेबसाइटवर बघायचं, भिंतीवर नाही. हे मला आता कळलं.

दुकानदार गोड. "काका" सोडून बोलत नव्हता. मागच्या बोळात नेलं, एक मशीन दोरीच्या पहिल्याच हिसक्याला सुरू केलं आणि मांडीएवढा ओंडका गाजरासारखा कापून दाखवला. मी म्हटलं, हेच द्या. तर म्हणे, "ते डेमोपीस हाय काका, तुम्हाला पेटीपॅक देतो की." डेमो ज्याचा बघितला तेच मशीन घ्या, नाहीतर जे देतोय ते समोर चालवून घ्या. पेटीपॅक या शब्दावर मी भाळलो.

आता ती पाच मिनिटं. रात्री जाग आली की मी तिथेच असतो.

पोऱ्याने गोदामातून पेटी आणली. चिकटपट्टी दोनदा लावलेली होती, खालची पिवळी पडलेली, वरची ताजी. बाहेरच्या मालाच्या पेटीवर आयातदाराचं नाव, महिना-वर्ष आणि एमआरपी छापलेली असते. त्या जागी कागद खरवडलेला. मशीन हातात घेतलं, सवयीने पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं. वास आला. चेनच्या कव्हरखाली बोट घातलं तर तेलात भिजलेला पिवळट भुसा नखात आला. मी तो बोट वर करून दाखवला, हो, दाखवला! "हे काय?" तर म्हणे, "कंपनीत टेस्टिंग होऊनच येतंय की काका." मी विचारलं, कंपनीत लाकडं फोडतात का? त्यावर पोऱ्या फिसकन हसला, मागे उभं असलेलं एक गिऱ्हाईक म्हणालं, "काका पयल्यांदाच घ्यायलेत वाटतं." मेहुणा कानाशी, "दाजी चला, ऊन वाढायलंय."

आणि मी बोट रुमालाला पुसलं. तिथेच संपलं सगळं. इंजिनाच्या दुरुस्तीचा पुढे काय निकाल लागला तो लागला, पण मी फसलो तो त्या रुमालाला बोट पुसलं तेव्हा. चार लोकांत आपण येडे दिसू नये म्हणून २१,१३० दिले.

बिल मागितलं तर "पक्कं घेतलं तर अठरा टक्के वर लागतील काका". जीएसटी वाचवायला कच्चं बिल घेणं हा आपला राष्ट्रीय खेळ आहे, मीही खेळलो. कार्बनच्या कागदावर 'एस्टिमेट' छापलेलं, खाली रबरी शिक्का आणि शिक्क्याच्या वर बारीक अक्षरात 'माल तपासून, चालू स्थितीत मिळाला'. खाली माझी सही. पुढे जिथे जिथे गेलो तिथे त्या सहीवर बोट ठेवलं गेलं. फोनवरचे पैसे ज्या खात्यावर गेले तेही दुकानाचं नव्हतं, कुणा बाईच्या नावाचं होतं. "घरचंच हाय," म्हणाला. नाव वेगळं दिसलं की पैसे टाकू नका. शिवाय "अनुदानात बसवून देतो" म्हणून आधार आणि सातबाऱ्याची झेरॉक्स घेतली, ती अजून त्याच्याकडेच आहे. पुढे कृषी कार्यालयात कळलं की पूर्वसंमती नसताना आधीच खरेदी केली की अनुदानाचा विषयच संपतो.

मशीन किती चाललं? दोन टाक्या आणि तिसरीतली अर्धी. ऑइल मी लिटरला ४० मिली धरलं, खोकल्याच्या औषधाच्या मापाने मोजून. चेनचं ऑइल वेगळं, तेही भरलेलं. तिसऱ्या दिवशी बाभळीच्या बुंध्यात असताना आवाज एकदम चढला, मग घरघर, मग बंद. दोरी ओढली तर दगड. हलेना.

दुकानात नेलं. आता "काका" गेलं, "ओ पाव्हणं" आलं. त्याने सायलेन्सर काढला, भोकात मोबाइलची बॅटरी मारली आणि पिस्टनवरचे चरे मलाच दाखवले. "ऑइल घातलं न्हाई तुम्ही. ह्यात वॉरंटी बसत न्हाई." हे त्यांचं ठरलेलं वाक्य आहे, सगळ्यांना ऐकवतात. म्हणून पहिल्या दिवसापासून मिश्रण करतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. हसू नका, काढाच. वॉरंटी कार्ड मागितलं तर कोरं, त्यावर ना नंबर ना तारीख ना शिक्का. घेताना मी ते पिशवीत कोंबलेलं.

मग अशोक चौकाच्या बाजूला एक मेकॅनिक सापडला, पोऱ्याशी तेलुगूत, माझ्याशी मराठीत. उघडून बघायचे ६०० घेतले, पण प्रामाणिक. त्याने सिलिंडरचे चार बोल्ट तळहातावर ठेवून माझ्यापुढे धरले. तीन सारखे, स्टारच्या खाचेचे. चौथा साधा ॲलनचा, लांबीला दोन सूत कमी. "कंपनीतनं असं येतंय का, तुम्हीच सांगा." एकतीस वर्षं बोल्ट मोजलेल्या माणसाला विचारतोय! खालच्या सांध्यातून लाल पेस्ट बाहेर आलेली, सिलिंडर जुना घासलेला, पिस्टन मात्र नवा, लोकल. म्हणजे आधी एकदा जाम झालेलं इंजिन, वर नवं कव्हर आणि स्टिकर. बॉडीवरचा नंबर तर तासलेलाच.

त्यानेच एक तपासणी शिकवली. प्लग जागेवर असताना, मशीन बंद ठेवून, स्टार्टरच्या दोरीने अधांतरी धरायचं. कॉम्प्रेशन चांगलं असेल तर ते अडत अडत खाली येतं, सरकन आलं तर इंजिन बसलेलं. दुकानात करायला दहा सेकंद लागतात. हे मला मे महिन्यात कोणी सांगितलं असतं तर!

आता सरकार. पोलीस ठाण्यात पहिल्यांदा गेलो तर सगळे पंढरपूरला बंदोबस्ताला. "आषाढी झाल्यावर या." बरं, विठ्ठलाचं काम, मान्य. आषाढी १७ जुलैला झाली. मी २२ ला गेलो. तासभर बाकावर बसवून म्हणाले, हे सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक आयोगात जा. मी म्हटलं, जुना माल नवा म्हणून विकणं हे सिव्हिल कसं? तर बिल हातात घेऊन, "सही तुमचीच ना?" अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर साहेब जेवायला गेलेले. चार वाजता साहेब आले, तर पोच देणारा शिपाई गेलेला. दोघांना एकाच वेळी बघायचं भाग्य मला चार फेऱ्यांत लाभलं नाही.

शिक्क्यावरचा जीएसटी नंबर घेऊन दुसऱ्या कार्यालयात गेलो. हा नंबर पंधरा अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, पुढे दहा अक्षरी पॅन. माझ्या बिलावरचा मी बसमध्ये पेन्सिलने मोजला. चौदा. खिडकीतल्या माणसाला दाखवला, तो म्हणे, नंबरच चुकीचा आहे तर आम्ही कुणाची चौकशी करायची? कंपनीच्या ग्राहक सेवेचीही तीच तऱ्हा. सीरियल नंबर सांगा. नंबर तासलाय, तीच तक्रार आहे. "सर, सीरियल नंबरशिवाय तक्रार नोंदवता येत नाही." तीनदा फोन, तिन्ही वेळा वेगळी मुलगी, वाक्य एकच. चोराने नंबर खोडला की चोरीच झाली नाही, असा यांचा कायदा.

बिल हातात पडताच जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकून बघा. फुकट आहे, दुकानात उभ्या उभ्या होतं.

शेवटी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तक्रारीचा नंबर मिळाला. आता जिल्हा ग्राहक आयोगाची फाइल करतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची. वकिलाशिवायही तक्रार करता येते, पण मी एका ओळखीच्या वकिलाला लावलंय, कारण पुन्हा कुठे बारीक अक्षरावर सही करायची माझी हिंमत नाही. मेकॅनिककडून लेखी घेतलंय, चारही बोल्ट लिफाफ्यात घालून त्यावर तारीख टाकलीय. दुकानदाराने मधे निरोप पाठवला, पाच हजार घ्या आणि मशीन परत द्या. मशीन देणार नाही. पुरावा तेवढा एकच आहे, आणि दिलं तर पुढच्या सोमवारी ते नव्या चिकटपट्टीत दुसऱ्या कुणाच्या तरी पिकअपमध्ये असेल.

कडुनिंब शेवटी तोडणाऱ्यांकडूनच काढला. ७,५०० घेतले. पाचशे वाढले होते.

एक सारखंच गाऱ्हाणं असलेले ग्राहक परवानगी घेऊन एकत्र तक्रार करू शकतात, असं वकील म्हणतात. तेव्हा कुणाकडे 'एस्टिमेट' लिहिलेलं कार्बनचं बिल, चौदा अक्षरांचा शिक्का आणि 'तपासून, चालू स्थितीत'च्या खाली स्वतःची सही असेल, तर मला कळवा. आणि आजच त्याची झेरॉक्स काढा. माझ्या बिलावरचं १९,५०० आता उजेडात तिरकं धरल्याशिवाय दिसत नाही.