निकेलचा मुलामा चढवलेले जुने ‘वेब्ली’: मागितलेली किंमत आणि खरी किंमत

रत्नागिरी जिल्ह्यातील एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे वेब्ली अँड स्कॉट या इंग्लिश कंपनीचे ०.३२ बोअरचे, सहा काडतुसांचे मार्क ४ रिव्हॉल्वर विक्रीस आहे. मूळ मालकाच्या वारसांनी ते दुकानात जमा केले आहे. मूळची काळी-निळी झिलई काढून त्यावर निकेलचा मुलामा चढवला आहे, काळ्या दस्त्यांच्या जागी शिसवी लाकडाचे दस्ते बसवले आहेत आणि चाप हलका करून घेतला आहे. मागितलेली किंमत कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्यातील नव्या ०.३२ रिव्हॉल्वरपेक्षा बरीच जास्त आहे. कानपूरचे रिव्हॉल्वर याच वेब्लीच्या धाटणीवर, मधोमध मोडून उघडणारे असे बनते, म्हणून ही तुलना टाळता येत नाही.

कोकणात परवान्याची बंदूक म्हटले की डोळ्यासमोर येते ती डुक्कर-माकडांपासून बागायत राखण्यासाठी घेतलेली ठासणीची किंवा बाराबोअरची. रिव्हॉल्वर विरळा, त्यामुळे भाव पडताळायला दुसरा नग सहज सापडत नाही आणि विक्रेता सांगेल तो आकडा खरा वाटू लागतो. शिवाय ऐंशीच्या दशकापासून खासगी आयात जवळजवळ बंद असल्याने ‘विलायती’ या एका शब्दावरच देशभर जादा पैसे मोजले जातात. ही दुर्मीळता खरी आहे, हे मान्य करावे लागेल. मात्र ती मूळ स्थितीतल्या विलायती शस्त्राची दुर्मीळता आहे, आणि येथेच या नगाची अडचण सुरू होते.

कोणता बदल परत फिरवता येतो आणि कोणता येत नाही, यावर बदललेल्या शस्त्राची किंमत ठरते. शिसवी दस्ते सुबक आहेत, हाताला भरीव लागतात, आणि वारसांनी मूळ दस्ते डबीत जपून ठेवले आहेत. एक स्क्रू काढला की रिव्हॉल्वर पूर्ववत होते, म्हणून या बदलासाठी मी एक रुपयाही कमी करणार नाही. चाप हलका करण्यासाठी आतली कमान (स्प्रिंग) बदलली की जुनी घासली, हे विक्रेत्याला सांगता आले नाही. कमान कमजोर झाली तर घोडा (मागचा हातोडा) काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर पुरेशा जोराने आपटत नाही आणि काडतूस ऐन वेळी फुसके जाते. आत्मरक्षणाच्या परवान्यावर घेतलेल्या शस्त्रात हा दोष चालणार नाही. नवी कमान बसवण्याचा खर्च किमतीतून वजा झालाच पाहिजे.

मुलाम्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. खाऱ्या हवेत निकेल टिकेल, असा मूळ मालकाचा विचार असावा, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. पण मुलामा चढवण्यापूर्वी पोलाद घासून गुळगुळीत करावे लागते, आणि त्या घासण्यात जे जाते ते कायमचे जाते. या रिव्हॉल्वरवरील कंपनीचे नाव पुसट झाले आहे, स्क्रूंच्या खाचांच्या कडा गोलावल्या आहेत आणि बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचा मुकुटाचा शिक्का भिंगाखालीच ओळखू येतो. बिजागरीजवळ मुलाम्याला बारीक फोड आले आहेत. निकेलच्या सूक्ष्म छिद्रातून ओल आत शिरली की गंज खालून पसरतो आणि पापुद्रा उचलतो, त्यामुळे हे फोड केवळ वरवरचे समजू नयेत. निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा केलेली शस्त्रे चामड्याच्या म्यानातच पडून राहतात, चामडे ओल धरून ठेवते, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यानंतर त्याचा परिणाम दिसतो. येथेही तसेच घडले असण्याची शक्यता मला वाटते. संग्राहकाच्या दृष्टीने या नगाची जादा किंमत येथेच संपली.

यंत्रणा मात्र मी अपेक्षा केली त्यापेक्षा चांगली निघाली. रिकामे असल्याची खात्री करून आणि विक्रेत्याच्या परवानगीने तपासले असता बिजागरीत सैलपणा जाणवला नाही, वरचा खटका घट्ट बसतो, घोडा पूर्ण मागे ओढल्यावर सिलिंडर डगमगत नाही आणि सहाही घरे नळीच्या समोर नीट येतात. उघडताना काडतुसे बाहेर ढकलणारा तारा सरळ उठतो व मागे बसतो. नळीत तोंडाशी थोडे खड्डे आहेत, पण नळी आतून फुगल्याची खूण असणारी काळी कडी कोठेही दिसली नाही. यात चालणारे ०.३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे काडतूस मुळातच कमी दाबाचे असल्यामुळे अशी जुनी रिव्हॉल्वरे दीर्घकाळ टिकतात, आणि ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनत असल्याने मिळण्याचीही पंचाईत नाही.

नळी कापलेली नाही, हे मी मुद्दाम पाहिले. तोंडाची कड कारखान्यातील आहे आणि नळीवरील मजकूर मध्येच तुटलेला नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार विशेष परवान्याशिवाय नळी आखूड करणे हा गुन्हा आहे, त्यामुळे कापलेल्या नळीचे रिव्हॉल्वर कितीही स्वस्त मिळाले तरी ते हातात धरू नये. मुलाम्यामुळे सांगाड्यावरील क्रमांक अंधुक झाला असला, तरी तो वारसांच्या कागदपत्रांतील क्रमांकाशी अक्षरशः जुळतो. तो जुळला नसता तर पुढची तपासणीच निरर्थक ठरली असती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे बाळगता येतात, म्हणून आधीच शेतीसंरक्षणाची बंदूक असलेल्या बागायतदाराने उरलेली एकमेव जागा या नगासाठी खर्च करावी का, हाही किमतीचाच भाग आहे.

माझ्या मते हे रिव्हॉल्वर वापरायला योग्य आहे, पण विलायती म्हणून मागितलेली रक्कम त्याला लागू होत नाही. नव्या कानपुरी रिव्हॉल्वरच्या किमतीतून कमान बदलण्याचा आणि बिजागरीजवळील गंज परवानाधारक कारागिराकडून साफ करून घेण्याचा खर्च वजा करावा आणि मूळ दस्ते सोबत घ्यावेत, एवढेच मी देऊ केले. विक्रेत्याने वारसांना विचारून कळवतो असे सांगितले आहे. त्यांनी रक्कम वाढवून मागितल्यास मी कानपूरच्या नव्या रिव्हॉल्वरसाठी नाव नोंदवणार आहे.