फोटोशॉपसाठी जुना पीसी अपग्रेड : म्हापशातलं एक दुकान

म्हापसा बाजारालगतच्या या दुकानाचं काम चोख आहे. १६ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम (कामचलाऊ मेमरी) पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्येच बसवतात, त्यामुळे ड्युअल चॅनल मिळतं, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी काम करतात. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगानं चालवणारी सेटिंग, मात्र समोर उभं राहून सुरू करून घ्या. नाहीतर ३२०० वेगाची रॅम २१३३ किंवा २६६६ वरच चालते आणि पैसे वाया जातात. १ टीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी ड्राइव्ह) बसवल्यावर जुनी हार्डडिस्क दिसेनाशी झाली, तर घाबरू नका. काही मदरबोर्डांवर एम.२ स्लॉट (हा ड्राइव्ह बसतो ती खाच) भरला की एखादा साटा पोर्ट (हार्डडिस्कची केबल लागते ती जागा) बंद होतो. केबल दुसऱ्या पोर्टला लावा. फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये स्क्रॅच डिस्क (रॅम अपुरी पडल्यावर फोटोशॉप तात्पुरता डेटा ठेवतं ती जागा) नव्या ड्राइव्हवर वळवणं आपल्याकडे. दमट हवेनं खराब झालेले रॅमचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून देतात, हे फार आवडलं.