मिनी फॅलेनोप्सिस ऑर्किड, इंदूरचा उन्हाळा काढल्यावर: झाडाला पैकीच्या पैकी, आतल्या मॉसला शून्य

अडीच इंची कुंडीतली पाच झाडं, पावसाळ्यात ऑनलाइन मागवलेली. साडेतीनशेला एक, कुरियर वेगळं. फूल नव्हतं, ‘फुलायच्या वयाची’ असं सांगून दिलेली. पॅकिंग चोख, पानं टणक. तेव्हाच रिव्ह्यू टाकला असता तर पाच तारे गेले असते.

पुढे दोन झाडांचं खालचं पान पिवळं पडलं, मग त्याच्यावरचं. मॉस (मुळांभोवती भरलेलं वाळकं शेवाळ) ओलं, तरी पानं मलूल, आणि झाड कुंडीत डुगडुगणारं. विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं, ‘पाणी जास्त झालं असेल.’ सोबतच्या कार्डावर छापलंय: आठवड्यातून एकदा पाणी. तेवढंच दिलं होतं, साहेब.

खरी भानगड कुंडीच्या आत आहे. वर पाइनची साल दिसते. ती सारली की खोडाच्या बरोबर खाली लिंबाएवढा मॉसचा गच्च गोळा. रोप प्रयोगशाळेतल्या बाटलीतून काढून ट्रेमध्ये लावतात तेव्हाचा तो. नर्सरीत सोयीचा, कारण ओल धरतो आणि पाणी घालायची मजुरी वाचते. कुंडी बदलताना तो कुणी काढत नाही, भोवती साल ओतून मोकळे होतात. घरी मग होतं असं: पारदर्शक कुंडीच्या कडेची मुळं चंदेरी दिसतात, म्हणजे सुकली, म्हणून आपण पाणी घालतो. गोळा मात्र अजून ओलाच असतो. त्यात हवा उरत नाही आणि मधली मुळं कुजतात, बाहेरची धडधाकट दिसत असताना. साडेतीनशे रुपयांच्या झाडात दोन मिनिटांचं हे काम विक्रेत्याला जड का जावं, कळत नाही.

त्यामुळे फूल नसेल तर झाड आल्या आठवड्यातच गोळा काढा. कळ्या असतील तर फुलं सरेपर्यंत थांबा, तोवर पाणी अर्ध्यावर आणा. कुंडी पंधरा-वीस मिनिटं साध्या पाण्यात बुडवा, बाजूंनी दाबून झाड सैल करा. मॉस चिमट्याने थोडं थोडं सोडवा, ओढू नका. मूळ दाबून पाहा: टणक ते ठेवा, जे मऊ असेल आणि वरची साल निसटून आत दोरा उरेल ते कापा. कात्री आधी ज्योतीवर धरा. दालचिनीची पूड फक्त कापलेल्या तोंडाला, चांगल्या मुळांवर पडली तर तीही सुकवते. एक दिवस सावलीत उघडं ठेवून परत त्याच मापाच्या कुंडीत लावा. तीन भाग पाइनची साल (८ ते १० मिमी, रात्रभर भिजवलेली), एक भाग वाटाण्याएवढा कोळसा, वर जेमतेम चिमूटभर मॉस. खोड पुरू नका. डुगडुगत असेल तर काडीला बांधा, कारण हलत्या झाडाची नवी टोकं घासून मरतात. नवं मूळ दिसेपर्यंत खत नाही.

दोनपैकी एक वाचलं, एक गेलं. उरलेल्या तिघांचे गोळे धडधाकट असतानाच काढले. इथून माझं मत फिरायला लागलं.

नोव्हेंबरात चारही झाडांना फुलांचे दांडे आले. ‘ब्लूम बूस्टर’ (फुलं आणणारं म्हणून विकतात ते खत) वगैरेवर पैसे घालवू नका, दांडा काढते ती थंडी. काही आठवडे दिवसाचं तापमान २५-२६ अंशांच्या खाली आणि रात्रीचं १५ ते १८ राहिलं की झालं. सतत २८च्या वर असेल तर झाड नुसती पानं काढत बसतं. शब-ए-मालवा, म्हणजे आमच्या माळव्याची गार रात्र, हे काम फुकटात करून देते. पूर्वेची गॅलरी, ५० टक्क्यांची हिरवी नेट, बस्स. डिसेंबरात रात्र १२च्या खाली जायला लागली की आत घ्या. दांडा वाढताना कुंडी फिरवू नका, फुलं वेडीवाकडी तोंडं करतात. जवळ पिकती केळी ठेवू नका, त्यांच्या इथिलीनने कळ्या गळतात. संक्रांतीला उमललेली फुलं रंगपंचमीच्या गेरपर्यंत (इंदूरची रंगांची मिरवणूक) उभी होती, तेही अडीच इंची कुंडीत!

पाण्याचं वेळापत्रक कार्डावरचं नको, मुळांवरचं पाहा. चंदेरी झाली की एक दिवस थांबून भरपूर पाणी, मग निथळू द्या. ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवस लागत नाही, मेमध्ये दोन दिवसांनी लागतं. पानांच्या बेचक्यात पाणी साचलं तर टिश्यूने टिपा, नाहीतर शेंडा कुजतो. बोरिंगचं पाणी टाळा, मुळांवर पांढरी खपली धरते. पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं चालतं (आरओचं टाकाऊ पाणी अजिबात नाही). खत १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं), लिटरला अर्धा ग्रॅम. तीन पाण्यांना खत, चौथं पाणी साधं.

मेअखेरची भर: भीती उन्हाळ्याची होती, बेचाळीस अंश आणि कोरडी हवा. ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारं मशीन) घ्यायच्या बेतात होतो. पण अल्ट्रासॉनिक मशीन पाण्यातले क्षारही हवेत उडवतं, ते पानांवर पांढऱ्या भुकटीसारखे बसतात. आपला खसच्या जाळीचा कूलर क्षार जाळीत ठेवून नुसती वाफ पाठवतो, बोरिंगचं पाणी असलं तरी. म्हणून झाडं कूलरच्या खोलीत ठेवली, झोताच्या बाजूला, समोर नाही, आणि खिडकी उघडी. एकही पान सुरकुतलं नाही. कूलर तर घरात होताच!

दोन तारे कापतोय ते गोळ्याचे आणि त्या उत्तराचे. घेणार असाल तर विक्रेत्याला आधीच विचारा, मॉसचा गोळा काढून देता का. नाही म्हणाला तर किंमत पन्नासने कमी करून मागा. आणि फुलं सरल्यावर हिरवा दांडा कापू नका. माझ्या एका दांड्यावर डोळ्यापाशी पिल्लू (छोटं नवं रोप) आलंय, त्याची मुळं दोन इंच झाली की वेगळं करणार. त्याला मॉस लावणार नाही.