लेकरावर उगाच हात उठतो: फोन करावा, दवाखान्यात जावं की आशाताईला सांगावं?

कापूस वेचून संध्याकाळी घरी आलं की लेकरं पदराला लोंबकळतात आणि आपण वसकन अंगावर जातो. एखाद्या दिवसाचं असेल तर थकवा म्हणायचा. पण दोन आठवडे रोज तेच, झोप नाही, घास उतरत नाही, पोटचं लेकरूही जवळ नकोसं, तर कुणाशी तरी बोलायला हवं. मी फोनही केला आणि जिल्ह्याच्या दवाखान्यातही जाऊन आले.

१४४१६ हा सरकारच्या टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या फोनसेवेचा नंबर, २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेला. फुकट, रात्रंदिवस चालू, मराठीत. रोजी बुडत नाही. अडचण वेगळीच: घरात मोबाइल एक, तोही यांच्या खिशात, आणि बाजेवर बसून बोलावं तर सासूबाईंचे कान इकडेच. शेवटी वावराच्या धुऱ्यावर गेले, तिथं रेंजही असते. लहानीला तुरीच्या शेंगा सोलायला बसवलं. पलीकडच्या ताईनं सल्ला कमी दिला, विचारलं जास्त: झोप किती, हाताशी कोण असतं, स्वतःला किंवा लेकराला काही करावं असं मनात येतं का. मी चपापले. पण ते कुणीतरी विचारायलाच हवं होतं.

दवाखान्याचं म्हणजे पहिली एस.टी., केसपेपर, रांग, कडेवर लेकरू; अख्खा दिवस गेला. डॉक्टरांपुढे जेमतेम सात-आठ मिनिटं. मन मोकळं करायची ती जागा नव्हेच. पण गोळ्या लागणार असतील तर जावंच लागतं. डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे जातात. हे माहीत नसलं की माणूस आठव्या दिवशी त्या फेकून देतो. अंगावर पाजत असाल तर आधीच सांगा. आणि जावेचं ऐकायची तयारी ठेवा. माझी म्हणाली, "आता काय नागपूरले नेतेत काय तुले?" म्हणजे तिथल्या वेड्यांच्या दवाखान्यात.

आशाताईला कमी लेखू नका. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पानं गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवून घरोघरी पाठवलं, तेव्हा डिप्रेशन असलेल्यांपैकी मदत घेणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. फक्त ती तुमच्याच सासरच्या नात्यातली निघाली तर विचार करून बोला.

बापमाणूस यातलं काहीच करत नाही, पानठेल्यावर जाऊन बसतो. त्याच्यासाठी मी फोनच म्हणेन. तिथं तोंड दाखवावं लागत नाही.

नुसता जीव कावला असेल, पण झोप-जेवण ठीक असेल, तर आधी फोन. अंथरुणातून उठवतच नसेल, चूलही पेटवावीशी वाटत नसेल, तर दवाखाना, वेचणी असो की नसो. आणि मरणाचा विचार येत असेल तर आत्ता फोन, सकाळच्या पहिल्या गाडीनं कुणाला तरी सोबत घेऊन दवाखाना, आणि घरातला फवारणीच्या औषधाचा डबा आज रात्रीच शेजाऱ्याकडे.